भटमामांचे निळे वखद

डिचोलीत आमच्या वाड्यावर ज्या एकाच घरात नुस्तें शिजत नसे, त्याच एका घरात मासे राहत होते. बाकी आम्ही सगळी नुस्तेंखाऊ, म्हणजे मासळी खाणारी. सकाळी मासेवाली पाटी घेऊन आली की मांजरांसकट सगळा वाडा तिच्यामागे लागायचा. भटमामांच्या दारावरून जाताना मात्र ती पाटीवर फडके ओढून घ्यायची. आणि आत देवघराच्या शेजारी, काचेच्या टाकीत, दोन सोनेरी मासे ऐटीत शेपट्या हलवत असायचे. मी लाटंबार्शाहून लग्न होऊन शेजारच्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी देवळानंतर लगेच मला ते मासे दाखवायला नेले. नव्या सुनेला दाखवण्यासारखे वाड्यावर तेवढेच होते.

भटमाम म्हणजे आसपासच्या गावांची भिक्षुकी करणारे आमचे पुरोहित. उंच, हडकुळे, चालताना थोडे पुढे वाकलेले. कोणाकडे पूजा सांगायला गेले तरी निम्मे लक्ष घरच्या टाकीकडे. आरती संपायच्या आत धोतराचा सोगा खोचून निघायच्या तयारीत. माशांची त्यांनी नावे ठेवली होती थोरला आणि धाकटा, आणि दोघांशी ते अहो-जाहो करीत. वाड्यावरचे लोक चेष्टा करायला टपलेलेच. कोणीतरी काचेशी नाक लावून म्हणायचा, "भटमाम, थोरलो बरो पोसला! हुमणाक पावतलो न्हय?" हुमण म्हणजे आमची माशांची आमटी. भटमाम खांद्यावरचे उपरणे झटकन टाकीवर टाकीत आणि ओरडत, "दिष्ट लायता मेलो! भायर सर!"

त्यांची दुसरी खोड भाषेची. देवाशी आणि माशांशी ते मराठीत बोलत, माणसांशी कोंकणीत. "थोरले, असे रुसून भागायचे नाही, दोन घास घ्या," इकडे टाकीत बघून म्हणायचे, आणि मान वळवून आपल्या बायकोला, म्हणजे मामींना, "च्या जाली गो?" ते दिवस भाषेच्या आंदोलनाचे. अख्खा गोवा मराठी की कोंकणी यावरून पेटला होता, रस्त्यांवर झाडे आडवी पडत होती, भाऊ भावाशी बोलत नव्हता. भटमाम कट्टर मराठीवाले. सोप्यावर बसून मुठी आपटून सांगायचे, "मराठी म्हणल्यार आमची आवय! आवयक कोण सोडटा?" आवय म्हणजे आई. आत त्यांची मुलगी शरयू तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "बाबा, हें तुमी कोंकणींतच सांगतात मरे." भटमामांची मग टाकीकडे वळून माशांपाशी शुद्ध मराठीत तक्रार.

टाकी शरयूचीच. ती खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होती. म्हापशाहून तिने ती टाकी बसमधून मांडीवर धरून आणली, तेव्हा भटमामांनी दोन दिवस तिकडे पाहिले नाही, आणि तिसऱ्या दिवशी माशांना भात घालताना सापडले. शरयू कोंकणीवाली. त्या सभा-मोर्च्यांतच तिची आमोण्याच्या एका मुलाशी ओळख झाली. मुलगा चांगला, निर्व्यसनी, जेटीवर सुपरवायझर. पण आमोणे मांडवीच्या काठी आणि त्या घरात दोन्ही वेळा नुस्तें. भटमाम "ना" म्हणाले, शरयूने रजिस्टर लग्न केले. त्या दिवशी भटमाम एवढेच म्हणाले, "भास व्हेली, आनी आतां चेडूंय व्हेलें." म्हणजे भाषा नेली, आता मुलगीही नेली. त्यानंतर त्यांनी तिचे नाव घेतले नाही. ती दाराशी आली तर आत घेऊ नका, असेही त्यांनी मामींना सांगून ठेवले. मामी रडून रडून अर्ध्या झाल्या. टाकी तेवढी राहिली. कोणीतरी म्हणाले, देऊन टाका, तर भटमाम उखडले, "जीव आसा तो. खंय उडयतलों?" म्हणजे टाकू कुठे?

नाव घ्यायचे नाही, पण खबर तर हवी. त्याला भटमामांनी जी युक्ती काढली ती आमच्याच बोलीत शक्य आहे. आमच्याकडे मुलगी कितीही मोठी झाली तरी घरच्यांना ती 'तें'. तें आयलें, तें गेलें. आणि नुस्तें हेही 'तें'च. आमच्या ह्यांचा खनिजाचा ट्रक होता, रोज आमोण्याच्या जेटीवर खेप असायची. संध्याकाळी हे लाल धुळीने माखून परतले की भटमाम सोप्यावर यायचे, ह्यांच्याकडे न बघता टाकीकडे तोंड करून विचारायचे, "तें कशें आसा?" हे सांगायचे, "बरें आसा. आयज बाजारांत मेळ्ळें. मात्शें सुकलां." म्हणजे जरासे वाळले आहे. भटमाम "हूं" करीत आणि माशांना चिमूटभर खाणे टाकीत. परक्या माणसाला वाटावे, ट्रकवाला आणि भटजी माशांच्या तब्येतीबद्दल बोलताहेत. आम्हाला सवय झाली. त्यात गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, वाड्यावर पेढे वाटले गेले. पेढा हातात धरून भटमाम टाकीला म्हणाले, "राज्य मिळाले. आता तुमचे पाणी कोण बदलणार?" शरयू असताना ते काम तिचे होते.

त्या थंडीत थोरला आजारी पडला. अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके, आणि दिवसभर दगडाला अंग घासत बसायचा. भटमामांनी दोष आधी खाणीच्या धुळीला दिला, मग चेष्टा करणाऱ्यांच्या नजरेला, आणि मग सगळ्या पूजा पुढे ढकलून म्हापशाला जाऊन औषध आणले. बाटलीवर लांबलचक इंग्रजी नाव होते. भटमाम त्याला 'निळें वखद' म्हणत. वखद म्हणजे औषध. दुकानदाराने सांगितले ते सगळे त्यांनी मंत्रासारखे पाठ केले होते: खाणे बंद, पाण्यात बेताचे मीठ, निळे घालण्याआधी पाणी गाळणारा कोळसा काढून टाकायचा नाहीतर तो औषध पिऊन टाकतो, आणि दिवा लावायचा नाही.

औषध घालायचे ते आंघोळ करून, पाटावर बसून, संध्येच्या पळीने. एकेक थेंब टाकताना ओठ हलत. मी एकदा विचारले, "मंत्र म्हणतात?" तर म्हणाले, "थेंब मेजतां गो, उलोवं नाका!" आणि पहिल्यापासून मोजायला लागले. त्या औषधाचा डाग साबणाने जात नाही. भटमामांची बोटे निळी, धोतर निळे, जानव्याला निळी गाठ. तसेच एका घरी सत्यनारायण सांगायला गेले, तर यजमानीण प्रसाद घेईना. भटमाम शांतपणे म्हणाले, "विष पिऊन देव निळा झाला तो चालतो तुम्हाला, आणि भटाची बोटे चालत नाहीत?" हे मात्र मराठीत, कारण गोष्ट देवाची होती.

अडचण आली मिठाची. बेताचे म्हणजे किती हे दुकानदाराने सांगितले नव्हते. स्वयंपाकात जसे चाखून बघतो तसे बघायचे, तर ते माशाचे पाणी. "त्या उदकांत नुस्तें न्हाता गो! हांव कसो चाखूं?" भटमाम कळवळून म्हणाले. मामींनी पदर तोंडाला लावला. मग नुस्तेंखाऊ घरातली सून म्हणून मला बोलावणे आले. माझ्या सासूबाई पोट धरून हसल्या. सासरी माझी कीर्ती अशी की एक दिवस आमटी खारट आणि दुसऱ्या दिवशी अळणी, आणि भटजींच्या माशाचा जीव माझ्या जिभेवर! मी बोट बुडवले, चाखले, परसात जाऊन चूळ भरली आणि निकाल दिला, "हुमणाक उणें, पेजेक चड." म्हणजे आमटीला कमी, पेजेला जास्त. भटमाम विचारात पडले. मग आजारपणातले जेवण आठवून म्हणाले, "दुयेंत मनशाक पेजच दितात न्हय? पेजेइतलें कर." पाणी ओतले, पुन्हा चाखले, पुन्हा चूळ. पेजेएवढे मीठ हे त्या घरात माप ठरून गेले.

धाकटा अजून ठणठणीत होता. पण आजार म्हणजे भटमामांच्या लेखी सुतकासारखाच, एका छपराखाली दोघे नकोत. म्हणून त्याला लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरणीत घालून आमच्या घरी पाठवले, पाणी स्वच्छ राहावे म्हणून आत फडक्यात बांधलेला कोळसा. पाठवले खरे, पण जीव टांगणीला. सकाळ-संध्याकाळ येऊन बघायचे, आम्ही खाल्ला तर नाही ना. सासूबाई एकदा म्हणाल्याच, "भटमाम, इतलोसो तो, दांतांकूय लागचो ना!" आमच्या घरात त्याला धाकटा कोणी म्हणेना. पाण्यातले नुस्तें ते नुस्तें. उठल्यासुटल्या, "तें खाता?" "तें न्हिदलां?"

आणि इथेच घोटाळा झाला.

एके संध्याकाळी हे आमोण्याहून आले ते तडक भटमामांच्या सोप्यावर गेले. चेहरा उतरलेला. भटमामांचे डोके टाकीत, हातात पळी. ह्यांनी रोजच्या रिवाजाप्रमाणे नाव न घेता सांगितले, "भटमाम, तें बरें ना. कांयच खायना."

भटमामांच्या हातून पळी पडली. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात आमच्या घरची बरणी. धाकट्यालाही लागले म्हणायचे! वळूनही न बघता त्यांनी घाईघाईने सांगितले, "आयज उपाशी दवर. पेजेइतल्या मिठाच्या उदकांत दवर. आदीं तो कोळसो काडून उडय, मगीर निळें वखद. दिवो लावूं नाका. आनी खडखड करूं नाका, भियेता तें."

आमचे हे साधे माणूस. बापाने वर्षभराने पोरीसाठी काही सांगून धाडले, याच आनंदात त्यांना पुढचे काही सुचले नाही. घरी न येता ट्रक तसाच फिरवून ते परत आमोण्याला गेले. रात्री जेवताना मला अभिमानाने सांगतात, "भटमामान शरयूक वखद धाडलें. हांवें पावयलें!" मी सगळे शब्द पुन्हा एकदा वदवून घेतले आणि कोनाड्यातल्या बरणीकडे पाहिले. धाकटा मजेत भाताचे शीत खात होता. वखद तर धाकट्यासाठी होते! भटमामांना कळले तर म्हणतील, माझ्या तोंडी भलते घातलेत, आणि ते दार कायमचे बंद होईल. शरयूला कळले तर बापाकडून आलेला एकुलता एक निरोप, तोही माशाचा! मी कारण न सांगता ह्यांना गप्प बसा म्हणाले आणि स्वतःही बसले.

आमोण्याला काय झाले ते नंतर कळले. शरयूला दिवस गेले होते. भटाच्या घरात वाढलेली मुलगी, लग्नानंतर नुस्त्याचा वास हसून सोसत होती, पण आता वास आला की पोटात काही ठरेना. सासूला सांगायची लाज. पेज दिली तरी उलटून पडायची. अशात डिचोलीच्या भटजींचे वखद आले म्हटल्यावर सासूने ते वेदवाक्य मानले. सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवले. मिठाच्या पाण्यात पाय बुडवून ठेवले. कोळसा काढ म्हणजे काय यावर घरात बरीच चर्चा झाली, शेवटी दात घासायची कोळशाची पूड फेकून देण्यात आली. निळे वखद कुठे मिळेना, तेव्हा सासू कपड्यांची नीळ घेऊन आली, पण ती प्यायला शरयूने साफ नकार दिला. आणि सून उपाशी असताना आपण चमचमीत कसे खायचे, म्हणून त्या माऊलीने त्या दिवशी घरात नुस्तेंच आणले नाही. चूल कशी निवळ. वास गेला, मळमळ गेली. दुसऱ्या दिवशी शरयू वाटीभर पेज प्यायली आणि ती पोटात राहिली. सासूच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. त्यानंतर त्या घरात नुस्तें परसातल्या चुलीवर शिजू लागले. आणि भटमामांचे नाव आमोणेभर झाले.

आठवडाभराने शरयू आली. मी तेव्हा मीठ चाखायला म्हणून तिथेच होते. थोरल्याच्या अंगावरचे ठिपके जवळजवळ गेले होते आणि भटमाम फार खुशीत होते. दारात आमच्या ह्यांच्याबरोबर ती उभी राहिली, मागे सासू. मामींच्या हातातली पाण्याची कळशी खाली आली. त्यांनी मुलीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि त्यांना सगळे समजले. पण पुढे होईनात. नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

शरयू उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "बाबा, तुमच्या वखदान हांव बरें जालें. म्हूण आयलें."

"खंयचें वखद?" भटमाम म्हणाले.

माझी ताकीद विसरून मागून हे उत्साहाने बोलले, "तुमीच सांगिल्लें न्हय? उपाशी दवर, मिठाचें उदक, कोळसो काड..."

भटमामांनी ह्यांच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी टाकीत बघू लागले. माझ्या तोंडावर सगळे लिहिलेले असणार. मग त्यांनी मुलीकडे पाहिले, वर्षभरात पहिल्यांदा सरळ तिच्याकडे, आणि त्यांचा चेहरा एकदम घाबराघुबरा झाला.

"निळें घेतलें ना मगो तुवें?" निळे पोटात तर गेले नाही, या धास्तीने त्यांनी विचारले.

"ना बाबा. मेळ्ळेंच ना तें."

"देवान राखलें," भटमाम मट्कन पाटावर बसले. उपरण्याने घाम पुसला. मला वाटले, आता सांगतील की ते वखद माशाचे होते. सांगितले असते तर खोटे नव्हते. पण त्यांनी घसा खाकरला आणि शरयूला म्हणाले, "हय. म्हजेंच वखद तें. तुकाच धाडिल्लें." आणि मामींवर ओरडले, "भायर कित्याक उबें केलां गो चेडवाक? भितर घे!"

ते ओरडणे ऐकून मामी हसत होत्या की रडत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र चक्क रडले.

पुढे बारशाला भटमाम ह्यांच्या ट्रकमध्ये बसून आमोण्याला गेले. पांढरे धोतर लालभडक होऊन उतरले. बरोबर घरचे पाणी भरलेला तांब्या नेला होता, तो न उघडता तसाच परत आणला. त्यांच्यासाठी म्हणून त्या घरात नुस्तें केले नव्हते हे कळल्यावर विहिणीवरच रागावले, "तुमचें घर, तुमी खायात! हांव पेज जेवतां." आमोण्याचे लोक तेव्हापासून पोटदुखीला, तापाला त्यांच्याकडे वखद विचारायला यायचे. ते सगळ्यांना एकच सांगत, "एक दीस उपाशी राव." बहुतेकांना गुणही यायचा. थोरला त्यांच्याआधी गेला. त्याला त्यांनी तुळशीपाशी पुरले, आंघोळ केली, आणि दिवसभर कोणाशी मराठीत किंवा कोंकणीत बोलले नाहीत.

भटमाम गेले त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. त्यांच्या दिवसकार्याला शरयू आली होती, बरोबर कॉलेजात जाणारी लेक. कामे आटोपून आम्ही दोघी परसात भांडी घासत बसलो होतो. मला वाटले, आता सांगायला हरकत नाही. माणूस गेला, राग-लोभ संपला. मी तिला ते सगळे सांगितले, बरणी, धाकटा, ह्यांचा गोंधळ.

शरयू भांडे घासत राहिली. म्हणाली, "म्हाका त्याच दिसा कळ्ळें गो. टाकी कोणाची? मनशाक कोण कोळसो काड म्हूण सांगता?"

मी थक्क. "आनी तरी तूं आयलें?"

"बाबांनी म्हाका आपयलें ना, हें म्हाका खबर आशिल्लें," ती म्हणाली, "पूण 'आपयलें' म्हूण सांगपाक तांकां एकदां मेळूंक जाय आशिल्लें. म्हूण गेलें." वडिलांनी बोलावले नव्हते हे तिला ठाऊक होते; बोलावले असे म्हणायची संधी त्यांना एकदा मिळावी म्हणून ती गेली.

म्हणजे त्या दिवशी उंबऱ्याच्या आत एक जण खोटे बोलला, बाहेर एक जण, आणि दोघांनाही दुसऱ्याने आपल्यावर विश्वास ठेवलेला हवा होता. आणि मी वेडी, इतकी वर्षे ते गुपित त्या दोघांपासून सांभाळत बसले होते.